उलट्या आट्यांची रिंग

एसटीत सायकलचं मागचं चाक मांडीवर घेऊन कधी बसलायत? मी बसले. डोळखांब ते शहापूर, शहापूर ते मुरबाड आणि परत. माझ्या पिवळ्या ड्रेसवरचे ग्रीसचे डाग अजून गेले नाहीत. क्लासमधल्या सगळ्यांना वाटतंय की मी दिवाळीनंतर मामाकडे आठवडाभर लोळून, भाकऱ्या खाऊन आले. लोळून! थांबा, सगळं सांगते. आसनगावच्या या सायबर कॅफेत बसून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या, मला हे कधी एकदा सांगते असं झालंय.

मामाची सायकल

हरीमामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. डोळखांबच्या पुढं डोंगरावर त्याचा पाडा. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डावा पाय बारीक, त्यात जोर नाही. त्याचं काम गिरणीच्या दगडांना टाकी लावायचं. दळून दळून गिरणीचे दगड गुळगुळीत होतात, मग पीठ गरम येतं, जाडंभरडं येतं. तेव्हा गिरणी बंद करायची, वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि छिन्नीनं परत खाचा पाडायच्या. आसपासच्या सगळ्या गिरण्या मामाच करतो. आणि सगळीकडे जातो सायकलवर. एका पायानं!

कसा, तर ऐका. आपल्या सायकलवर उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. मामाच्या सायकलला ते नाही. तिचं मागचं दात्यांचं चक्र फिक्स आहे, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. म्हणून उजव्या पायानं पेडल खाली दाबलं की चाकच ते परत वर आणून देतं. डावा पाय नुसता एका खुंटीवर टेकवलेला. आणि उतारावर वर येणाऱ्या पेडलवर उलटा जोर द्यायचा, की सायकल हळू होते. खरा ब्रेक तोच. पुढचा जुना दांड्याचा ब्रेक नुसता कुरकुरतो.

सायकल इंग्रजांच्या वेळची आहे, काळी, उंच. मामाचे आजोबा तानसाच्या पाइपलाइनवर कामाला होते, तिथल्या कुठल्या साहेबाची ती, असं घरात सांगतात. पुढं कंपनीचा बिल्ला होता तो केव्हाच पडला, दोन भोकं उरलीत. त्यामुळे सायकल नक्की कुठली, कोणालाच माहीत नाही. इतकी वर्षं कोणाचं अडलंही नाही.

मी गेले त्याच्या आदल्या दिवशी अडलं. मामा उतारावर होता, उलटा जोर दिला आणि पेडल एकदम मोकळं झालं. सायकल सुटली, मामा कारवीच्या झुडपात. झुडूप होतं म्हणून वाचला, त्याच्या पुढं दरी आहे. त्या फिक्स चक्राला बाहेरून धरून ठेवणारी एक बारीक रिंग असते, ती तडकून कुठंतरी पडली होती. ती नसली की उलटा जोर दिल्यावर चक्र हबवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवरून, सुटतं.

अंगणात

मी पोचले तेव्हा मामाच्या गालावर हळद लावलेली आणि मामी सुरू.

"आता पुरे झालं तुमचं. माझ्या भावाच्या टपरीवर बसा जाऊन. सावलीत बसायचं, पानं विकायची."

"बसायचंच असतं तर पोलिओ झाला तेवाच बसलो असतो," मामा म्हणाला.

खालच्या गावातल्या गिरणीवाल्या भोईरशेठचा निरोप आला होता. नवीन भात निघालंय, गिरणीवर रांग लागलीये, दगड बोथटलेत. शनिवारी दुपारच्या आत आला नाहीस तर कल्याणहून मशीनवाला माणूस बोलावतो. तो दिवस बुधवार होता.

मी म्हटलं, "मामा, एवढंच ना? कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून जा."

"शनवारी कोणतरी सोडील गो. पुढच्या गिरणीला? त्याच्या पुढच्याला? हरी आता दुसऱ्याच्या पाठीवर येतो म्हटलं की संपलं. आज भोईर मशीनवाला आणतोय, उद्या सगळे आणतील."

दुपारी डोळखांबचा सायकलवाला आला, त्यानं जुनं चक्र काढून नवंकोरं फ्रीव्हील, म्हणजे आपल्या सायकलींना असतं ते मोकळं चक्र, बसवलं. "एकदम हल्की चालंल बघ!" मामा ओट्यावरून चढला. एक पेडल मारलं, सायकल पुढं गेली, आणि पेडल खालीच राहिलं. वर आणणार कोण? दुसरा पाय नाही, चाक काही पेडलला ओढेना. मामा पाय वर घेऊन चाचपडतोय, सायकल डुगडुगतेय, आणि धप्प, थेट शेणाच्या ढिगाशेजारी. सायकलवाला हसला. मग मामाचं तोंड बघून सायकल उचलायला धावला.

मामानं फ्रीव्हील काढून त्याच्या हातात दिलं आणि मला म्हणाला, "निलू, सकाळची गाडी धरू. चाक तू घे, मला काठी हाय."

शहापूर

गाडीत कंडक्टर म्हणाला, "चाकाचं लगेज लागेल."

"त्याला बसाया जागा दे, मग फाड तिकीट," मामा म्हणाला. मागची बाई इतकी हसली की कंडक्टर पुढं निघून गेला.

शहापूरला स्टँडजवळच्या दुकानात गेलो. तिथला पप्पूभाई सगळ्या सायकली दुरुस्त करतो, असा त्याचा स्वतःचा दावा. त्यानं डब्यातून एक रिंग काढली, हबवर ठेवली आणि फिरवली. धरेना. परत फिरवली. धरेना.

"आटे झिजलेत. ठोकून बसवतो," म्हणाला आणि हातोडा उचलला.

"ए, थांब!" मामा एवढ्या जोरात ओरडला की बाजूच्या चहावाल्यानं गाळणी खाली ठेवली.

मी चाक उचलून उजेडात धरलं. हबवर दोन प्रकारचे आटे होते. चक्राचे मोठे, आपले नेहमीचे. आणि बाहेर, रिंगसाठी, जरा लहान गोलावर, पण उलटीकडं जाणारे! डावीकडं फिरवल्यावर घट्ट होणारे! मी नाचायचीच बाकी होते. "मामा, म्हणूनच ती सुटत नसणार! चक्र उलटं फिरून सुटायला लागलं की रिंग अजून आवळते!"

"मग उलट्या आट्यांची रिंग पायजे," पप्पूभाई म्हणाला. "ती आता जगात कुठं भेटत नाय. आणा, वेल्डिंग मारतो, जन्मात हलणार नाय."

त्यानं खरंच वेल्डिंगची काच डोळ्यावर घेतली. मी मामाकडं बघितलं. मामानं चक्राच्या दातांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं हो म्हणणार.

"नको. चक्राचे दात झिजले की नवं कसं घालू? वेल्डिंग मारलं की चाक मेलं."

"मग चाक घेऊन फिरा गावोगाव," पप्पूभाई म्हणाला.

तेच केलं. त्यानंच एक सांगितलं तेवढं बरं. मुरबाडला काशिनाथशेठचं भंगाराचं गोडाऊन आहे, जुनं सगळं तिथं येतं.

मुरबाड

किन्हवली, सरळगाव करत मुरबाड. स्टँडवर वडापाव खाल्ला, वर तळलेली मिरची. मामा म्हणाला, तुमच्या आसनगावचा वडा मोठा पण आत नुसता बटाटा. मान्य.

काशिनाथशेठचं गोडाऊन म्हणजे पत्र्याखाली लोखंडाचा डोंगर. कंपन्यांचं भंगार, रॉकेलचे पंप, फुटकी घमेली. शेठ खुर्चीवर, पोट मांडीवर. त्यानं चाक घेतलं, हब फडक्यानं पुसला आणि एकदम सरळ बसला.

"हे बघितलंत का कधी?"

ग्रीसखाली हबवर एक बारीक खूण होती. बाण! तीन रेघांचा, कोंबडीच्या पायासारखा. पन्नास वेळा हात लावलेल्या चाकावर तो आम्हाला कधी दिसलाच नव्हता.

"हा सरकारी मालावर मारायचे, इंग्रज होते तेव्हा. ही दुकानातली सायकल नाय. विलायतेहून सरकारी कामाला मागवलेली."

मामानं वाकून त्या बाणावरून बोट फिरवलं. आजोबांची गोष्ट खरी निघाली होती.

"रिंग आहे का हिची?" मी विचारलं.

"सायकल आहे का हिची?" शेठ म्हणाला. "मुंबईचे शौकीन लोक येतात माझ्याकडं. हॉटेलात टांगतात असल्या सायकली. हरीभाऊ, तुमी मला द्या, बदल्यात नवी सायकल घ्या. दोन घ्या!"

"नवीवर मला चालवता येत नाय."

"मग टांगा की घरात पाय वर करून. वय झालं आता."

मला इतका राग आला! मामा मात्र शांत. "शेठ, रिंग हाय का नाय?"

"नाय. बाणवालं एक चाक होतं मागच्या साली, ते पंख्याला गेलं. म्हणून सांगतो, माल दुर्मिळ आहे..."

"कुठल्या पंख्याला?" मी पटकन विचारलं.

शेठनं ओठ मिटले. त्याला कळलं आपण काय बोललो ते. "आठवत नाय. सायकल आणा, मग आठवून बघू."

आम्ही बाहेर आलो. ऊन कलत होतं. मला रडू येत होतं आणि मामा हसत होता.

"पंखा म्हंजे उफणणीचा पंखा गो. वारा पडला की भात उफणायला पेडलवर फिरवतात तो. सायकलच्या चाकावर पंखे करणारा या बाजूला एकच सुतार होता, सरळगावकडं, वडाच्या वाडीत. मेला बिचारा. पण त्याची बायको जनाकाकी हाय. तिच्याच शेजारच्या गिरणीला मी टाकी लावली हाय."

वडाची वाडी

सरळगावला उतरून शेतातून चालत गेलो. मामा काठीवर, मी चाक डोक्यावर घेऊन. दिवस मावळायच्या आत पोचलो. खळ्यावर भाताचा ढीग, आणि ढिगाशेजारी तो! लाकडी चौकट, पत्र्याची पाती, सायकलची सीट, पेडल, चेन. मी धावत गेले, पत्र्यामागं वाकले, ओढणीनं हब पुसला. बाण! आणि चक्रावर गंजलेली, पण अख्खी, रिंग!

"चपला!" मागून कोणीतरी कडाडलं. "खळ्यावर चपला घालून कुठली अवदसा आली?"

जनाकाकी. साठीची, काटक, हातात खराटा. मी चपला काढून जिथल्या तिथं उभी राहिले. आमच्याकडं चपला देवळाबाहेर काढतात, खळ्याबाहेर काढायच्या हे मला कुठं माहीत!

मामानं सगळं सांगितलं. काकीनं ऐकून घेतलं, चहा दिला, गवती चहा घातलेला, कोरा. आणि म्हणाली, "नाय मिळणार."

"काकी, तुमच्या पंख्याला ती रिंग लागतच नाय. पुढं पेडल मारताना तिचं काम नाय. मागं रेटताना हाय. पंखा कोण मागं रेटतो?"

"ते तू जाण. रास खळ्यावर हाय तोवर खळ्यातलं लोखंड खळ्याबाहेर जात नाय. खिळा नाय जात. रास घरात गेली की बोल."

"कधी जाईल घरात?" मी विचारलं.

"अर्धं उफणायचं हाय. पोरगा कंपनीत पाळीवर, सून बाळंतपणाला माहेरी. मी एकटी. रविवार होईल."

रविवार! मी मामाकडं बघितलं. तो म्हणाला, "बरं." आणि रात्री ओटीवर झोपताना मी हळूच म्हटलं, काकी सकाळी शेतावर गेल्या की आपण... तर मामा म्हणाला, "निलू, त्यांच्या खळ्यावर बसून त्यांचाच घास खाल्लाय." बास. विषय संपला.

शुक्रवारी सकाळी वारा अजिबात नाही. पान हलत नव्हतं. काकी पंख्यावर चढायला लागली तर मामा म्हणाला, "उतरा. तुमी सूप धरा."

"तुझ्यानं होतंय? एका पायानं?"

"याला एकच पुरतो. दोन पायवाली ही पोर हाय, तिला दुसरं काम द्या."

आणि मामा बसला! पंखासुद्धा फिक्सच होता ना. पेडल खाली गेलं, वर आलं, खाली गेलं, वर आलं, पाती घूं घूं करायला लागली. काकी सुपातून भात सोडतेय, पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, उडून लांब पडतंय, भरलेले दाणे सरळ खाली. मी टोपल्या भरून देत होते. नाकात, कानात, केसांत भाताची कूस. अंग इतकं खाजत होतं की मी आंब्याच्या खोडाला पाठ घासली, म्हशीसारखी.

"शेहेरची म्हस," काकी म्हणाली. पहिल्यांदा हसली.

दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेला बोंबील. घास तोंडात असतानाच काकी एकदम उठली. माळशेजच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं. अवकाळी. उघड्यावर रास, आणि भिजली तर सगळं गेलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मामाचा सदरा घामानं काळा. मांडी थरथरतेय, तरी पेडल थांबत नाही. काकी ओरडतेय, "हाण रे हरी, हाण!" मी टोपल्या घेऊन पळतेय. गार वारा सुटला, तो उलटीकडून, पळिंज परत राशीवर यायला लागलं. आम्ही तिघांनी पंखा फिरवून लावला. एकदा मामाचा पाय पेडलवरून घसरला आणि फिरत्या पेडलनं नडगी सोलून काढली. मी किंचाळले.

"किंचाळू नको, टोपली आण!"

शेवटची टोपली संपली तेव्हा आकाश गडगडत होतं. काकीनं राशीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, तेवढ्या घाईतही एक गोष्ट चुकवली नाही. मग शेजारपाजारचे धावून आले, पोती भरली, घरात नेली. शेवटचं पोतं आत गेलं आणि काकी वळून म्हणाली, "घे आता तुझं लोखंड."

पण रिंग हलेना. गंजानं एकजीव झालेली. मी पाना लावला आणि सवयीनं डावीकडं फिरवायला गेले. मामानं माझं मनगट धरलं. "उलटे आटे." अरे देवा! डावीकडं म्हणजे अजून घट्ट. आणखी जोर लावला असता तर ती जुनी रिंग तडकलीच असती, मग बसा.

रॉकेल सोडलं. थांबलो. मामानं छिन्नीच्या टोकानं टुकटुक टुकटुक केलं, दगडाला करतो तसं, रिंगच्या गोलाभोवती. परत रॉकेल. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. काकी आमच्यावर घोंगडी धरून उभी. आणि मग "कट्" असा आवाज आला. तडकली?

नाही. सुटली!

काकीनं लगेच पंख्यावर बसून पेडल मारलं. पंखा फिरला, घूं घूं, आधीसारखाच. "खरंच की रे," म्हणाली. मग ओच्यात रिंग पुसून मामाच्या हातात दिली. "माझ्या जात्याला टाकी लावायची हाय, सुनेच्या बाळाच्या बारशाच्या आधी. सायकलवर येशील तर ये. एसटीनं आलास तर दारात घेणार नाय."

उतार

शनिवारी पहिली गाडी. रिंग माझ्या मुठीत, पिशवीत ठेवायचा धीर होईना. कंडक्टर परवाचाच निघाला, चाक बघून त्यानं मान वळवली.

सगळी वाट एकच भीती. दोन्ही हबवर बाण आहे हे ठीक, पण आटे जुळतील? घरी पोचल्यावर मामानं अंगणात चाक आडवं ठेवलं. चक्र बसवलं, आवळलं. मग रिंग ठेवली आणि डावीकडं फिरवली. घसरली. परत. घसरली. मामी भिंतीला टेकून बघत होती, टपरीचं नाव काढत नव्हती. मी म्हटलं, मामा, माझी बोटं बारीक आहेत. मी रिंग अगदी सपाट धरली, आधी मुद्दाम उजवीकडं थोडी फिरवली, आट्याचं तोंड सापडेपर्यंत, आणि मग डावीकडं.

धरलं. एक वेढा. दुसरा. मामीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "धूर झालाय चुलीचा." चूल विझलेली होती.

मामानं छिन्न्यांची पिशवी हँडलला अडकवली. दुपार जवळ आली होती. पाड्याच्या टोकाला आलो की खालच्या गावातली गिरणी ऐकू येते, पुक पुक पुक. मी कान लावला. बंद असली तर कल्याणवाल्यानं दगड उघडले, संपलं. आवाज येत होता! गिरणी चालू होती.

"तू पुढं जा," मामा म्हणाला. "वळणावर थांब."

वळणावर, म्हणजे ती कारवी, तिथं. मी पळत गेले. झुडूप अजून मोडलेलं होतं, आणि त्याच्या पुढं ती दरी, दिवसाउजेडी नीट दिसत होती. रिंग मी बसवली होती. माझ्या बोटांनी. गंजलेली, कोणाच्या तरी पंख्यातली. मला एकदम ओरडून सांगावंसं वाटलं की नको, मामा, चालत ये, पण तोवर चेनचा आवाज आला.

मामा आला. उतार चांगलाच, पण सायकल सावकाश. उजवा गुडघा वर, खाली, वर, खाली. प्रत्येक वेळी वर येताना पेडलला मागं दाबत, पिंढरीची शीर टरारून उठत होती. त्या सोललेल्या नडगीवरची पट्टी मला स्पष्ट दिसली. वळण आलं. त्यानं उलटा जोर दिला. चाक अडलं, हळू झालं आणि वळलं.

"मामा!"

"थांबता येत नाय!" तो माझ्यासमोरून जात ओरडला. "ओटा लागतो उतराया! तू ये पळत!"

मग मी पळाले. हातात चपला, पुढं मामाची पाठ लहान लहान होत गेलेली, छिन्न्या खणखणतायत, आणि खालून पुक पुक पुक. शेताच्या बांधाला वळसा घातला तेव्हा मामा झाडांमागं दिसेनासा झाला. मी पळतच होते.

आणि गिरणी बंद झाली. मी पोचले तोवर आतून छिन्नीची ओळखीची टुकटुक येत होती.